बाराव्या खांबाचा बुंधा

इवाझो मिस्त्रीला अख्ख्या जगात शत्रू एकच होता, आणि तो विजेवर चालायचा.

गावातले बाकीचे सुतार त्याला सरळ विजेचा रंधा म्हणत. इवाझो त्याला ‘गुरगुऱ्या’ म्हणे. लग्न असो, तेरावं असो, सुतारांच्या संघाचं वार्षिक जेवण असो, साकेचा दुसरा पेला पोटात गेला की मिस्त्रींचं प्रवचन सुरू. “लाकूड बोलतं. हातरंधा ओढताना ते हाताला ऐकू येतं. बुंध्याकडून आलास तर लाकूड म्हणतं, ये. शेंड्याकडून आलास तर म्हणतं, थांब मेल्या, तुझी वाट चुकली. गुरगुऱ्याला कान कुठायत? त्याला बुंधा काय नि शेंडा काय!” हे इतक्या वेळा झालं होतं की, शेवटचं वाक्य गेनपाची गवंडी त्याच्या आधीच म्हणून टाकी. गेनपाची भिंतींना गिलावा करायचा, इवाझोचा शाळेपासूनचा दोस्त होता, आणि तोंड बंद ठेवणं हे त्याच्या धंद्यात कधी शिकवलंच नव्हतं.

मिस्त्रीची मुलगी चिझुरु चौदा वर्षं बापाच्या हाताखाली सुतारकाम करत होती. सहा वर्षांपूर्वी तिनं हौसेनं एक विजेचा रंधा आणला. इवाझोनं तो खोक्यासकट घरामागच्या पाटात फेकला. पाटातल्या कार्प माशांनी त्यानंतर तीन दिवस खाणं सोडलं, ते इवाझोच्या मते विटाळ झाला म्हणून. मासे थंडीमुळे आधीच आठवडाभर खात नव्हते, असं त्याच्या बायकोचं, फुमिकोचं, म्हणणं पडलं. चिझुरुनं रंधा पाण्यातून काढला, स्क्रू न् स्क्रू सुटा करून उन्हात वाळवला, पुन्हा जोडला आणि आपल्या गाडीत ठेवला. तेव्हापासून बापलेकीत तह होता: यंत्रानं कारखान्याचा उंबरा ओलांडायचा नाही. बाहेरची कामं ती त्याच्यावर करी, आत आली की मुकाट हातरंधा उचली. बाप काम करताना जे जे बोले ते मात्र ती वहीत उतरवून घेई. अशा एकोणीस वह्या झाल्या होत्या. इवाझो वरून म्हणायचा, “काय ते भारूड लिहितेस!” आणि मनातून त्याला वाटायचं, आपण मेल्यावर ह्या वह्या देवळात ठेवायला हरकत नाही.

असा सगळा थाट असताना त्या वर्षी इवाझोचा उजवा खांदा गेला.

गेला म्हणजे जागेवरच होता, पण वर जाईना. आपला जपानी हातरंधा ओढायचा असतो, ढकलायचा नसतो. खांद्यापासून टाचेपर्यंत सगळं अंग मागं न्यावं लागतं, तेव्हा कुठे कांद्याच्या पापुद्र्यासारखं सालपट निघतं. इवाझोच्या खांद्यात आता प्रत्येक ओढीला कुणीतरी पटाशी मारी. फुमिको रोज सकाळी त्याच्या पाठीला औषधी पट्ट्या चिकटवी. त्यांचा कापराचा वास गल्लीभर सुटे. कुणी नाक वर केलं की इवाझो म्हणे, “मांजरीचा वास आहे.” त्यांची गोमा नावाची मांजर त्या वासानं शेजारी राहायला गेली होती, तरी आळ तिच्यावरच.

“सांगा की चिझुरुला,” फुमिको म्हणायची. “खांब ती तासेल.”

“काय सांगू? म्हातारा झालो म्हणून?”

“ते तिला दिसतंयच. खांदा दुखतो एवढंच सांगा.”

“खांदा कुणाचा दुखतोय?” म्हणून इवाझो डाव्या हातानं चहा प्यायचा.

आणि नेमकं त्याच वर्षी हात्सुए आजींचं घर बांधायला घेतलं होतं. आजी सत्त्याऐंशीच्या. साठ वर्षं पहाटे उठून सोयाबीनचा टोफू करून विकत आल्या. त्यांचं जुनं घर रस्ता रुंद करण्यात गेलं, म्हणून मागच्या जागेत नवं. लेकानं सुचवलं की, हल्ली कारखान्यातून कापून तयार लाकूड येतं, चार दिवसांत सांगाडा उभा. आजींनी त्याच्याकडे नासलेल्या टोफूकडे बघावं तसं पाहिलं आणि थेट इवाझोकडे गेल्या.

“बारा खांब,” त्या म्हणाल्या. “बाराही तुझ्या हातचे. यंत्र लागलेलं मला चालायचं नाही. मी हात लावून बघणार हं, इवाझो. हा हात साठ वर्षं टोफू धरतोय, त्याला काही लपत नाही.”

इवाझोच्या छातीत अभिमान मावेना. “आजी, यंत्र लागलं तर मी नाव लावणार नाही,” असं तो चारचौघांत बोलून बसला.

तुळया, जोड, खाचा चिझुरुकडे. “खांब मीच,” असं सांगून त्यानं उन्हाळाभर दात-ओठ खात अकरा खांब हातानं तासले. हिनोकीच्या सुवासिक लाकडाचे सरळ, फिकट गुलाबी खांब. अकरावा झाला त्या दिवशी त्याला स्वतःच्या हातानं शर्ट काढता येईना. बारावा तसाच राहिला. आढं चढवायचा मुहूर्त पंधरा दिवसांवर आला, आणि तेवढ्यात गावची जत्रा आली.

जत्रेच्या दिवशी सगळं गाव मिरवणुकीत. चिझुरु ढोलाच्या पथकात, फुमिको देवळात भात रांधायला. इवाझो “पोट बिघडलंय” म्हणून घरी. कारखान्यात तो बाराव्या खांबासमोर उभा राहिला. रंधा उचलला, एक ओढ घेतली, आणि खाली बसला. डोळ्यांत पाणी आलं ते दुखण्यानं, असं त्यानं स्वतःला सांगितलं. बाहेर ढोल असे वाजत होते की भिंती थरथरत होत्या. ह्या आवाजात डोंगर कोसळला तरी ऐकू यायचा नाही, असं त्याच्या मनात आलं. आणि मनात एकदा आलं म्हणजे मग माणूस संपला.

चिझुरुची गाडी अंगणात होती. किल्ली कुठे असते ते त्याला ठाऊक होतं. गुरगुऱ्या कुशीत घेऊन, वर शर्ट पांघरून, त्यानं कारखान्याचा उंबरा ओलांडला. ओलांडताना, इतक्या वर्षांची सवय म्हणून, मान लववून देव्हाऱ्याला नमस्कार केला, आणि मग आपण काय घेऊन नमस्कार करतोय हे ध्यानात आल्यावर देव्हाऱ्याचं दार लावून घेतलं.

बटण दाबलं. खांद्याला काही कळलंच नाही. नुसता हात ठेवायचा आणि चालत जायचं. ढोल वाजले की यंत्र चालू, ढोल थांबले की बंद. अशी साथ गावच्या कुठल्या पथकालाही जमली नसती. दोन-तीनदा मात्र ढोल आधी थांबले आणि साथीदार जरा मागं राहिला. खरं सांगायचं तर इवाझोला मजा येत होती, आणि मजा येतेय म्हणून तो स्वतःवरच चिडत होता.

तिसरी बाजू होते न होते तोच अंगणात गेनपाचीचा आवाज आला. “इवाझो! अरे पोट धरून किती बसशील? चल, तुझी पोरगी काय ढोल वाजवतेय, बघ तरी!”

इवाझोची तारांबळ उडाली. खांबाच्या दोन्ही टोकांचा तडकलेला भाग त्यानं सकाळीच कापून टाकला होता, त्याबरोबर शाईनं लिहिलेली ‘बुंधा’ ही खूणही भुशात गेली होती. एरवी त्याची गरजच काय? रंध्याच्या पहिल्या ओढीला हात सांगतोच. त्यानं खांब फिरवून भिंतीकडे लोटला, वर गोणपाट टाकलं, यंत्र भुशाच्या ढिगात पुरलं आणि पोट धरून बाहेर गेला. परत आल्यावर चौथी बाजू उरकली आणि यंत्र गुपचूप गाडीत ठेवलं. यंत्राचे बारीक चरे जावेत म्हणून फुमिकोच्या स्वयंपाकघरातला सुरीचा गंज काढायचा पॉलिश पेपर आणून खांब घासला. ह्याहून खाली सुतार जाऊ शकत नाही, पण त्या दिवशी तो उताराला लागलाच होता. मग घाईघाईत, लाकडाकडे नीट न बघताच, एका टोकावर ‘बारा, वर’ असं लिहिलं, खाचांच्या रेघा आखल्या, आणि कापायला चिझुरुकडे दिल्या.

तिनं खांब पाहिला, बापाकडे पाहिलं, आणि खाचा कापल्या.

दुसऱ्या दिवसापासून हात्सुए आजी गावभर सांगू लागल्या की, जत्रेत ढोलाजवळ उभं राहिल्यानं आपल्या कानात गुंई होतंय. त्या डॉक्टरकडून औषध आणून कानात घालू लागल्या.

आढं चढवायचा दिवस उजाडला. पहाटेपासून आठ माणसं दोर ओढत होती. दुपारपर्यंत बाराही खांब उभे राहिले, तुळया बसल्या, आढं तेवढं खाली सजवून ठेवलं होतं. वरून उधळायच्या मोचीच्या, म्हणजे चिकट भाताच्या गोळ्यांच्या, टोपल्या भरलेल्या, गावातल्या बायका त्या झेलायला पदर नाहीत म्हणून एप्रन पसरून उभ्या. इवाझो संघाचा ठेवणीतला निळा अंगरखा घालून मधोमध उभा राहिला आणि त्यानं कौतुकानं एकेका खांबावरून नजर फिरवली. अकरा झाले. बाराव्यावर नजर गेली आणि त्याच्या पायाखालची जमीन सरकली.

लाकडाच्या अंगावर ज्वाळांसारख्या रेघा असतात. झाडाचा शेंडा जिकडे, तिकडे ज्वाळांची टोकं. अकरा खांबांवर ती वर होती. बाराव्यावर खाली. झाड डोक्यावर उभं होतं.

उलटा खांब म्हणजे काय हे सुताराच्या मांजरीलाही कळतं. तसलं घर रात्री कण्हतं, घरच्यांना लाभत नाही. बरं, फिरवून बसवावा तर सगळ्या खाचा खालच्या वर, वरच्या खाली. सांगाडा सोडवून दुसरा खांबच घालावा लागणार. आणि एकदा आढं चढलं, की तेही नाही. म्हणजे आताच बोलायला हवं. आणि बोलायचं काय? बुंधा-शेंडा ओळखू कसा आला नाही? हाताला ऐकू कसं आलं नाही? ह्याला एकच उत्तर होतं, आणि ते गेली तीस वर्षं तो स्वतःच दुसऱ्या पेल्यानंतर गावाला शिकवत आला होता.

तेवढ्यात आजी खांबांना हात लावत लावत बाराव्यापाशी पोचल्या. तळवा ठेवून थांबल्या. “ह्याला सर्दी झालीय का रे? बाकीचे कसे लख्ख आहेत.”

“नवा आहे, लाजतोय,” इवाझो म्हणाला.

आजींच्या मागून गेनपाची आला. त्यानं खांबाकडे बघून मान एका बाजूला केली, मग दुसऱ्या. आणि आठही माणसांना ऐकू जाईल असा ओरडला, “अरे इवाझो! ह्याच्या ज्वाळा खाली का? हा उलटाय की काय?”

दोर ओढणारे हात थांबले. आणि मग, बुडत्याला काडी मिळावी तसं, इवाझोला निक्कोचं देऊळ आठवलं.

“मुद्दाम,” तो म्हणाला.

“मुद्दाम?”

“निक्कोला गेलायस ना? तिथल्या दरवाजात एक खांब मुद्दाम उलटा ठेवलाय. काम पूर्णत्वाला गेलं की उतरती कळा लागते. म्हणून एक उणीव हातानं ठेवायची. लेकराला तीट लावावी तशी.” बोलता बोलता त्याच्या आवाजात बळ आलं. “बाकीचे अकरा खांब इतके चांगले झाले, की मला भीतीच वाटली.”

गेनपाचीच्या डोळ्यांत चक्क पाणी. “बघा! याला म्हणतात मिस्त्री! कारखान्यातून येतो का असा खांब? इवाझो, माझ्या नव्या पडवीलाही एक उलटा पाहिजे.”

“आणि माझ्या गोदामाला,” लाकूडवखारवाला म्हणाला. “दोन टाक. मोठं आहे ते.”

हात्सुए आजी तर लहान पोरीसारख्या हरखल्या. “म्हणजे खास माझ्यासाठी? ह्यांचा फोटो मी इथेच लावणार, ह्याच खांबाला. आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगणार.” त्यांनी त्या पॉलिश पेपरनं घासलेल्या खांबाला असा गाल लावला की, इवाझोला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं, बुंध्याकडून की शेंड्याकडून ते कुणी विचारू नये.

पण सुटला होता. सुटण्याहूनही बरं झालं होतं, नाव आणखी वाढलं होतं. आता फक्त “चढवा” म्हणायचं, की आढं चढलं.

त्याच वेळी चिझुरु पुढं आली. कमरेच्या पिशवीतून विसावी वही काढली, पेन्सिल कानावरून घेतली आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, “बाबा, हे तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतंत. नीट सांगा. दर बारा खांबांत एक उलटा?”

“हं.”

“की घर चांगलं झालं तरच?”

“झालं तरच.”

“कुठल्या कोपऱ्यात?” ती लिहीत होती. “आणि उलटा तासताना रंधा अडखळतो, त्याचं काय करायचं? पुढं मी कुणाला शिकवेन तर सांगावं लागेल. इवाझो मिस्त्रींची पद्धत म्हणून.”

तिच्या डोळ्यांकडे त्यानं पाहिलं. तिला ठाऊक होतं. जत्रेच्या दुसऱ्याच दिवशी यंत्राच्या तोंडात हिनोकीचा बारीक चुरा सापडला असणार, आणि तिनं आयुष्यात यंत्र हिनोकीला लावलं नव्हतं. पोरीनं तेव्हाही तोंड उघडलं नव्हतं, आताही उघडणार नव्हती. नुसती लिहून घेणार होती. पेन्सिल कागदावर टेकली होती आणि त्याच्या शब्दाची वाट बघत होती.

गेनपाचीला फसवणं सोपं होतं, तो मुळातच फसायला निघालेला माणूस. गावालाही फसवता आलं असतं. पण एकोणीस वह्यांत एकही खोटं वाक्य नव्हतं. विसाव्यात हे जाणार, मग तिच्या शिष्यांच्या वह्यांत, आणि तो मेल्यावर पन्नास वर्षांनी ह्या दरीतली घरं इवाझोच्या नावानं कण्हत राहणार. इवाझोला लाज वाटली. अशी लाज त्याला कधीच वाटली नव्हती, पाण्यातून यंत्र काढणाऱ्या पोरीकडे पाठ फिरवली होती तेव्हासुद्धा नाही.

“खोड ते,” तो म्हणाला.

“काय?”

“खोड म्हणतो ना! खोटंय ते. खांब चुकून उलटा लागलाय. मी जत्रेच्या दिवशी गुरगु... विजेच्या रंध्यानं तासला. म्हणून बुंधा कळला नाही. खांदा गेलाय माझा. मार्चपासून गेलाय. आणि तो वास मांजरीचा नाही.”

खाली एप्रन पसरून उभ्या असलेल्या बायकांनी एप्रन सोडले. पहिला आवाज हात्सुए आजींचा आला.

“म्हणजे ढोल थांबल्यावर जो ढोल वाजत होता, तो तू?”

“हो, आजी.”

“मेल्या! पंधरा दिवस मी कानात औषध घालतेय!”

गेनपाची आधी फुटला. हसता हसता तो मोचीच्या टोपलीवर बसला, आणि उठवल्यावरही हसतच होता. मग सगळेच. इवाझो खाली मान घालून उभा राहिला. त्यानं अंगरख्याची गाठ सोडायला घेतली. नाव लावणार नाही असा शब्द दिला होता त्यानं. पण उजवा हात तिथवर पोचेना.

“राहू दे तो अंगरखा,” आजी म्हणाल्या. “शब्द अकरा वेळा पाळलायस. बाराव्याचं काय करतोस ते सांग.”

“तेरावं लाकूड आहे,” इवाझो म्हणाला. “जास्तीचं मागवलेलं. पण मी...” तो चिझुरुकडे वळून म्हणाला, “तू तासशील का?”

“यंत्रानं?”

“आजींचं घर आहे! हातानं!”

“माझा हात चालेल का, आजी?” चिझुरुनं विचारलं. “ठरलं होतं ते बाबांच्या हाताचं.”

आजींनी तिचा तळवा उलटून पाहिला, अंगठ्यानं त्यावरचे घट्टे चाचपले. “घट्टे त्याचेच आहेत,” त्या म्हणाल्या. “चालेल.”

आढं थांबलं, तेरावं लाकूड कारखान्यातून आलं. गाव तिथंच अंगणात बसलं, दुपारचं साके सकाळपासूनच उघडलं होतं ते आणखी उघडलं. चिझुरुनं बापाचाच रंधा घेतला, हातोडीनं हलके ठोकून पातं किंचित वर केलं आणि पहिली ओढ घेतली. खांद्यापासून टाचेपर्यंत सगळं अंग मागं गेलं. खांबाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच अखंड सालपट निघालं आणि वाऱ्यावर तरंगलं. इवाझो साकेच्या पिंपावर बसून बघत होता. त्याला फार आनंद झाला आणि फार वाईट वाटलं, आणि दोन्हीतलं कुठलं जास्त हे त्याला ठरवता येईना. तासाभरानं तो एवढंच म्हणाला, “डावी टाच उचलतेयस.” ती म्हणाली, “तुम्हीही उचलायचात.”

खाचा कापून, सांगाडा तेवढा सोडवून नवा खांब बसवला, आणि दिवेलागणीला आढं चढलं. मोची उधळली, त्यातली काही गेनपाची बसल्यानं चपटी झाली होती, ती लोकांनी प्रसाद म्हणून आधी झेलली. उलटा खांब आजींनी मागून घेतला आणि त्याच्या फळ्या करून दुकानाच्या ओट्याला लावल्या. आडवं केल्यावर बुंधा नाही नि शेंडा नाही, असं त्यांचं म्हणणं. वर टोफू ठेवतात. गिऱ्हाइकाला मात्र त्या खांबाची गोष्ट ऐकल्याशिवाय टोफू मिळत नाही.

विजेचा रंधा गाडीतच होता.

नवीन वर्षाच्या पहाटे कारखान्यात हत्यारं मांडतात. वर्षभर राबली म्हणून त्यांना त्या दिवशी सुट्टी, आणि प्रत्येकापुढं एकेक मोची. इवाझो हे सगळ्यांच्या आधी उठून स्वतः करी. चिझुरु आत आली तेव्हा मांडामांड झाली होती: करवती, पटाश्या, गुण्या, ओळंबा, मधोमध जुना रंधा, त्याच्यापुढं दोन मोची. आणि अगदी शेवटी, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, तोंड भिंतीकडे करून, तिचा विजेचा रंधा. त्याच्यापुढंही मोची होती. बोराएवढी, पण होती.

इवाझो देव्हाऱ्यासमोर पाठमोरा बसला होता, डाव्या हातानं दिवा लावत.

“बाबा,” ती म्हणाली, “हा आत कुणी आणला?”

“मांजरीनं,” इवाझो म्हणाला.